मोरस की माचूळ? खाडीकाठच्या खारट भाजीबद्दल

खारेपाटची लेक

नमस्कार मंडळी,

गेल्या रविवारी पनवेलच्या बाजारात एक म्हातारी मावशी गोणपाट अंथरून बसली होती. समोर करंदीचे वाटे आणि बाजूला तांबूस-हिरव्या भाजीच्या पाच-सहा जुड्या. मी पुढे निघूनच गेले होते, पण वास आला. ओहोटीनंतर खाडीच्या चिखलाला येतो तो वास. मागे वळले तर मावशी म्हणाली, "मोरस हाय गो, घे दोन जुड्या."

माझं आजोळ पेणच्या खारेपाटातलं. आजी बांधावरून येताना ओटीत ही भाजी खुडून आणायची. पाटावर बसून एकेक शेंडा निवडायची आणि आम्हा पोरांना कच्ची पानं चघळायला द्यायची. आजी गेली त्याला अठरा वर्षं झाली. तेव्हापासून मोरस माझ्या तोंडात गेली नव्हती.

घरी आणली, माठ करतो तशी लसूण-मिरचीवर परतली आणि हात सवयीने मिठाच्या डब्याकडे गेला. पहिला घास घेतला तो गिळवेना. सगळी कढई टाकून द्यावी लागली आणि फार वाईट वाटलं. मग आजीचं बोलणं आठवलं: "मीठ नको घालूस गो, ती मीठ पिऊनच मोठी झालीय."

एक जुडी अजून शिल्लक आहे. ती सोडली तर आत दोन वेगळ्या वनस्पती निघाल्या. एकीला बारीक गुबगुबीत पानं आहेत. दुसरीला पानंच नाहीत, नुसत्या पेरापेरांच्या हिरव्या काड्या. यातली मोरस कोणती? करायची कशी? आणि ती गच्चीत लावता येईल का? आजीला हे सगळं विचारून ठेवायला हवं होतं. आता तुम्हालाच विचारते.

बांधावरचा

ताई, पानवाली ती मोरस. पेराच्या काड्या म्हणजे माचूळ. आमच्या अलिबागच्या बाजूला दोन्ही एकाच खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीत येतात, त्यामुळे खुडणाऱ्याच्या हातात दोन्ही येतात. दोन्ही खातात, घाबरू नका.

मोरसचं पान तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडं लांब असतं, एका बाजूने चपटं आणि दुसऱ्या बाजूने गोल. दोन बोटांत दाबलं की फुटतं आणि पाणी येतं. ते पाणी जिभेला लावा, खारट लागलं पाहिजे. माचूळचं खोड बांगड्या एकावर एक रचल्यासारखं दिसतं. जून झाली की तिच्यात आतून काडी धरते, मग फक्त वरचे कोवळे शेंडे कामाचे.

ही भाजी मला फार जवळची आहे, म्हणून थोडं लांबण लावतो. आमच्या खारबंदिस्तीला, म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधाला, एका उधाणाच्या भरतीला खांड गेली, बांध फुटला. दुरुस्तीसाठी अर्जांवर अर्ज केले, दोन पावसाळे तसेच गेले. खाडीचं पाणी रोज आत यायचं आणि भाताची खाचरं पांढरी पडली. तिसऱ्या वर्षी त्या पांढऱ्या जमिनीत पहिलं हिरवं काही दिसलं ते मोरसचं. माझे वडील बांधावर उभे राहून बराच वेळ बघत होते. म्हणाले, "ही आली म्हणजे जमीन मेलेली नाय." पण शेतात मोरस दिसली की शेतकऱ्याच्या पोटात गोळाही येतो, कारण खार वर आल्याची ती खूण आहे. आमच्या घरात तिच्याबद्दल दोन्ही गोष्टी एकदमच बोलल्या जायच्या.

नंतर खांड बुजवली. पावसाच्या पाण्याने खार धुऊन निघायला आणखी काही वर्षं गेली. आधी खाऱ्या जमिनीत तगणारं भात लावलं, पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राच्या जातींचं, मग हळूहळू बाकीचं. आता मोरस फक्त बांधाच्या बाहेरच्या अंगाला आहे.

तिवर

वनस्पतिशास्त्र शिकवतो, म्हणून थोडी भर.

मोरस म्हणजे सुएडा. आपल्याकडे सुएडा मॅरिटिमा आणि सुएडा न्यूडिफ्लोरा या दोन्ही जातींना मोरस म्हणतात. पहिली वर्षभरात संपते, दुसरी झुडुपासारखी टिकते. माचूळ म्हणजे सॅलिकॉर्निया ब्रॅकिएटा. दोघी माठ-राजगिऱ्याच्या कुळातल्या. पालक, चाकवत आणि बीटही त्याच कुळातले. बिटाचा रानटी पूर्वज युरोपच्या समुद्रकाठी वाढतो, हे कळलं की मोरस तांबूस का होते तेही लगेच समजतं. खार वाढला, ऊन वाढलं, पाणी आटलं की मोरस लाल पडते. तो लाल रंग बिटातल्या लाल रंगाच्याच जातीचा.

मीठ पिऊन ती जगते कशी? साधं झाड खाऱ्या जमिनीत दोनदा मरतं. जमिनीतलं खारं पाणी मुळांना ओढता येत नाही, म्हणून ते तहानेने सुकतं. आणि थोडं मीठ आत शिरलंच तर पेशींचं काम बिघडतं. मोरस मिठाला आत घेते, पण पेशीच्या मधोमध असलेल्या पाण्याच्या पिशवीत कोंडून ठेवते. जिथे पेशीचं खरं काम चालतं तिथे त्याला येऊ देत नाही. त्या पिशवीतल्या मिठाच्या जोरावर बाहेरचं खारं पाणीही आत ओढता येतं. पेशीच्या बाकीच्या भागात तोल राखायला ती ग्लायसिन बीटेनसारखी निरुपद्रवी द्रव्यं तयार करते. पान गुबगुबीत का, तर मीठ जितकं येईल तितकं पाणीही साठवून ते पातळ करायचं. कांदळवनातल्या तिवराच्या झाडाच्या पानावर बोट फिरवलं तर मिठाचे कण लागतात, कारण तिवर मीठ पानातून बाहेर टाकतो. मोरसला ती सोय नाही, ती सगळं पोटात ठेवते. म्हणून तिवराचं पान कोणी खात नाही आणि मोरस मात्र ताटात येते, असं माझे विद्यार्थी म्हणतात. ते अगदी बरोबर कारण नाही, पण लक्षात राहायला बरं आहे.

नावाचीही एक गोष्ट सांगतो. सुएडा हे नाव अरबीतून आलं. पीटर फॉर्सकाल हा निसर्गअभ्यासक डेन्मार्कच्या अरबस्तान मोहिमेत होता. त्याने तिथल्या लोकांकडून ते नाव टिपून घेतलं. 1763 साली तो येमेनमध्ये हिवतापाने वारला. त्याचा सोबती कार्स्टन नीबूर त्याच वर्षी मुंबईत पोचला, घारापुरीची लेणी पाहून त्यांची चित्रं काढली आणि पुढे मायदेशी जाऊन मित्राची टिपणं छापली. घारापुरीच्या खाजणात मोरस आजही आहे. मित्राने अरबस्तानात नोंदवलेल्या झाडाची भावंडं नीबूरच्या पायाशी होती, हे मला दर वेळी तिथे गेलो की आठवतं.

आजीचा डबा

लेकी, जुडी टाकू नकोस. मी उरणची. सासू करायची तशी सांगते, नीट वाच.

आधी निवडायची. बोटभर कोवळा शेंडा घ्यायचा, जून देठावरची पानं ओरबाडून घ्यायची, देठ टाकायचा. चिखल खूप असतो. परातीत पाणी घेऊन तीन-चार वेळा खळबळून घे, प्रत्येक वेळी भाजी वरून उचल, पाणी ओतू नकोस, नाहीतर तळाची माती पुन्हा भाजीवर बसते.

मग मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी उकळायला ठेव. उकळी आली की भाजी टाक आणि पाच-सात मिनिटं झाकण न ठेवता शिजव. पाणी लालसर-हिरवं होतं. ते ओतून दे. एक पान चाखून बघ. खारट वाटलं तर पुन्हा नव्या पाण्यात एक उकळी. मग गार पाण्यात टाकून मुठीत घट्ट पिळायची. जुडीभर भाजीचा शेवटी एक लाडू होतो, दचकू नकोस.

चणाडाळ दोन तास भिजवून बोटचेपी शिजवून घे. तेलात ठेचलेला लसूण भरपूर, तो लाल झाला की उभा चिरलेला कांदा, हिरवी मिरची, हळद. कांदा मऊ झाला की डाळ, मग पिळलेली मोरस मोकळी करून. वरून ओलं खोबरं. मीठ अजिबात नाही. सगळं झाल्यावर चव बघायची आणि वाटलंच तर डाळीपुरतं चिमूटभर.

सुकट खात असशील तर डाळीऐवजी जवळा. तो कोरडाच तव्यावर भाजून, चाळून, पाण्यातून काढायचा आणि कांद्याबरोबर परतायचा. जवळ्यालाही स्वतःचा खार असतो, तेव्हा मोरस दोनदा उकळलेली हवीच. सोबत तांदळाची भाकरी. उरलेल्या भाजीत बेसन, तांदळाचं पीठ, तिखट घालून वड्या थापून तव्यावर खरपूस केल्या तर पोरं मागून घेतात.

माचूळच्या काड्या वेगळ्या उकळ. कोवळ्या असतील तर नुसत्या लसणाच्या फोडणीवर छान लागतात.

अपर्णा_डोंबिवली

माझ्या सासऱ्यांना रक्तदाबाचा त्रास आहे. उकळून पाणी टाकलं तर त्यांना दिली तर चालेल का?

तिवर

अपर्णाताई, उकळल्याने बरंच मीठ निघून जातं, सगळं नाही. रोज मिठाचं पथ्य सांभाळणाऱ्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. मुतखड्याचा त्रास असेल तरी जपून, कारण या कुळात ऑक्सॅलेट जास्त असतं, पालकात असतं तसंच. त्यासाठीही उकळून पाणी टाकणं हाच जुना आणि बरोबर उपाय आहे. ते पाणी आमटीत वापरू नका.

भावनगरकर

मी मराठी, पण नोकरीने इथे भावनगरला स्थिरावलो. इथल्या केंद्रीय मीठ आणि सागरी रसायन संशोधन संस्थेने माचूळवर बरंच काम केलं आहे. समुद्राच्या पाण्यावर माचूळ वाढवायची आणि तिच्यापासून वनस्पतिज मीठ काढायचं, हे तंत्र त्यांनी बसवलं. त्या मिठात सोडियमसोबत पोटॅशियम आणि इतर खनिजंही येतात. गोडं पाणी एक थेंबही न लागणारं पीक, म्हणून किनाऱ्यावरच्या पडीक जमिनीसाठी ते मोलाचं आहे. माचूळमधली खारसहनशीलतेची जनुकं भुईमुगात घालून बघण्याचे प्रयोगही तिथे झाले.

बाहेर तर ते आणखी पुढे गेलेत. माचूळच्या अमेरिकी बहिणीच्या, सॅलिकॉर्निया बिजेलोव्हीच्या बियांत 28 टक्क्यांच्या आसपास तेल असतं. अॅरिझोना विद्यापीठाच्या लोकांनी ती समुद्राच्या पाण्यावर पिकवून दाखवली आणि 1991 मध्ये तसं प्रसिद्ध केलं. जानेवारी 2019 मध्ये अबू धाबीहून अॅमस्टरडॅमला गेलेल्या एका प्रवासी विमानाच्या इंधनात याच वनस्पतीच्या तेलाचा अंश होता. त्या तेलासाठी अबू धाबीत आधी कोळंबी-मासे वाढवतात, त्यांचं सांडपाणी सॅलिकॉर्नियाला देतात आणि शेवटी ते पाणी तिवरांच्या लागवडीतून सोडतात. आपल्या कोकणात कोळंबीच्या तलावांचं पाणी सरळ खाडीत जातं. मधे एक माचूळचा पट्टा ठेवून बघायला काय हरकत आहे, असं मला मनापासून वाटतं.

आणि पापड! पूर्वी सिंध, पंजाब, राजस्थानात अशाच खाऱ्या जमिनीतल्या झुडपांना वाळवून, खड्ड्यात जाळून त्यांच्या राखेचा सज्जीखार काढत. आपल्या आज्यांचा पापडखार तोच. युरोपातही काचेसाठी लागणारा सोडा शतकानुशतकं असल्याच झाडांच्या राखेतून यायचा. 1791 मध्ये फ्रान्समध्ये लब्लांने साध्या मिठापासून सोडा करायची कृती काढली, तेव्हा कुठे राखेचा धंदा बसत गेला. अल्कली हा शब्दसुद्धा अरबी 'अल-कली', म्हणजे या झाडांची राख, यावरून आला.

नॉर्फकची सून

हा धागा वाचून डोळ्यांत पाणी आलं. लग्नानंतर इंग्लंडमध्ये नॉर्फकला आले. पहिल्याच उन्हाळ्यात मासळीवाल्याच्या दुकानात बर्फावर माचूळ दिसली. इथे तिला सॅम्फायर म्हणतात. वाफवून, लोण्यात घोळून माशाबरोबर खातात. काडी हातात धरून दातांनी गर ओढायचा, आतला धागा ताटात ठेवायचा. मी वसईची. मला कोणी शिकवावं लागलं नाही आणि सासूबाईंना त्याचं नवल वाटलं.

इथलं एक सांगते, कारण ते उपयोगी पडेल. इथे लोक कात्रीने वरचा शेंडा कापतात, मूळ चिखलातच ठेवतात. 1981 च्या कायद्याने जमिनीच्या मालकाला विचारल्याशिवाय कुठलीही रानवनस्पती मुळासकट उपटणं गुन्हा आहे. शेंडा कापला की बाजूने नवे फुटवे येतात आणि तीच जागा पुन्हा भाजी देते.

खाजणवाला

हे वरच यायला हवं होतं. आमच्याकडे काही जण ती मुळासकट उपटतात, गोणी भरतात आणि शहरात नेऊन विकतात. बी धरायला रोप उरतच नाही. शिवाय बऱ्याच ठिकाणचं कांदळवन आता राखीव वन आहे. तिथे शिरून काहीही तोडणं बरोबर नाही. माझं म्हणणं स्पष्ट आहे: मोरस बाजारात विकायचीच नको. बाजार आला की खाजण संपतं.

बांधावरचा

दादा, उपटण्याबद्दल शंभर टक्के सहमत. पण विकायचीच नको हे मला पटत नाही. ती मावशी चार जुड्या विकून मासळीच्या पाटीला जोड देते. पिढ्यान्‌पिढ्या तिच्या घरातल्या बायका खुडत आल्या आणि खाजण तसंच राहिलं. खाजण संपवलं ते भरावाने. मातीचे डंपर आले आणि एका रात्रीत मोरस, माचूळ, मारांडी, निवट्यांची बिळं सगळं खाली गेलं. खुडणाऱ्या बाईला खाजण कुठपर्यंत आहे ते ठाऊक असतं. ती खुडायला जाणं बंद झालं तर भराव पडला हे सांगणारंही कोणी राहणार नाही.

खाजणवाला

हे मान्य. मी गोणीवाल्यांवर चिडून लिहिलं, मावशीवर नाही. 2005 आणि 2018 चे उच्च न्यायालयाचे कांदळवनाबाबतचे आदेश आहेत, पण तक्रार करायला जाग्यावर माणूस लागतो, ही गोष्ट खरी.

एक मात्र सगळ्यांनी पाळा. कारखान्यांचं सांडपाणी किंवा शहराची गटारं येतात त्या खाडीतली मोरस खाऊ नका. या वनस्पती मिठाबरोबर जड धातूही ओढून घेतात. प्रदूषित जमीन साफ करायला त्यांचा उपयोग होऊ शकतो तो याच गुणामुळे. तेव्हा विकणाऱ्या मावशीला आधी विचारा, कुठली भाजी आहे. ती खरं सांगते.

तिवर

गच्चीचा प्रश्न राहिला. मोरस बियांपासून येते. पावसाळ्यानंतर पानांच्या बेचक्यात हिरवे बारीक गुच्छ धरतात, त्यात चकचकीत काळं बी असतं. लोकांची चूक अशी होते की खारं झाड म्हणून बी खाऱ्या पाण्यात टाकतात. मोरसचं बी गोड्या पाण्यात उत्तम रुजतं. निसर्गातही पावसाने वरचा खार धुतला की मगच ती उगवते. रोप चार बोटं वाढलं की आठवड्यातून एकदा लिटरभर पाण्यात चहाचा एक चमचा मीठ, हळूहळू दोन. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण 35 ग्रॅम मीठ असतं, तिथपर्यंत जायची गरज नाही. बिनमिठाचीही ती जगेल, पण पानं बारीक राहतील आणि चव येणार नाही. कुंडीचं पाणी दुसऱ्या झाडांच्या कुंडीत उतरू देऊ नका.

नॉर्फकची सून

बी पोस्टाने मागवू नकोस गं, तिथलंच वापर. त्या त्या खाडीची मोरस त्या त्या चिखलाची असते.

खारेपाटची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. काल शनिवारी पुन्हा बाजारात गेले. मावशी तिथेच होती. कुठली भाजी विचारलं तर म्हणाली, "धरमतरच्या अंगाची, कारखान्याकडची नाय." आणि स्वतःहून जुडी उलटी करून दाखवली. देठ विळीने कापलेले होते, एकालाही मूळ नव्हतं.

आजीच्या डब्याप्रमाणेच केली. दोनदा उकळली. दुसऱ्या पाण्यातलं पान चाखलं तेव्हा खारट कमी आणि पालकासारखं काहीतरी गोडसर लागलं. चणाडाळ, लसूण, खोबरं. मिठाचा डबा मुद्दाम वरच्या फळीवर ठेवला होता. आई सोबत होती. तिने एक घास घेतला, थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "लसूण अजून ठेचायला हवा होता, आई चांगला ठेचायची," आणि दुसरी भाकरी मागितली.

एका जुडीत जून देठ होते, त्यांना काळं बी धरलेलं. कागदाच्या पुडीत पन्नासेक दाणे निघाले. निम्मे आज कुंडीत पेरले, गोड्या पाण्यावर. निम्मे पुढच्या पावसासाठी ठेवलेत. बांधावरच्या दादांना हवे असतील तर सांगा.

बांधावरचा

मला नकोत ताई, माझ्याकडे बांधभर आहे. रोपं चार बोटं झाली की इथे कळवा. आणि पेणला आलात तर आजीच्या बांधावर एकदा जाऊन या. उधाण टाळा, भांगाच्या (लहान भरतीच्या) दिवसांत जा, चिखल कमी लागेल.